डोंगरताईने न वाचलेलं पान

मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते तिने मला पुस्तक विकायचं नाकारलं तेव्हा. शाळेतून निवृत्त झाल्यावर, गुडघे चालते आहेत तोवर डोंगर पाहून घ्यावेत असं आम्हा मैत्रिणींचं ठरलं होतं, आणि पायवाटांचं एखादं मार्गदर्शक पुस्तक आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. पुस्तकांच्या दुकानाचा जिना चढून मी वरच्या मजल्यावर गेले, मुखपृष्ठावर छान सूर्योदय असलेलं एक जाडजूड पुस्तक उचललं आणि गल्ल्याकडे निघाले, तर पाठीमागून आवाज आला, "ते ठेवा खाली. आधी बूट दाखवा."

कपाटाला टेकवलेल्या शिडीच्या वरच्या पायरीवर एक सडपातळ बाई बसली होती. चष्मा कपाळावर, मांडीवर पुस्तकांची चळत. मी मुकाट्याने पाय पुढे केला.

"हे वर्गात फिरायला ठीक आहेत," ती म्हणाली. "शिक्षिका ना? बरं, तुमच्यात सगळ्यात हळू कोण चालतं?"

"मीच."

"मग उत्तम. पुस्तक नेहमी सगळ्यात हळू चालणाऱ्याने निवडावं. भरभर चालणारा चुकला तरी उजेड आहे तोवर परत येतो."

तिने मला एक पातळ, चित्रं नसलेलं पुस्तक दिलं. सूर्योदयवालं पुन्हा जागेवर गेलं. डोंगरवाटांची पुस्तकं तीच सांभाळायची, म्हणून दुकानात सगळे तिला डोंगरताई म्हणत. पुढे मीही तेच म्हणू लागले आणि ती मला बाई म्हणू लागली. आठवड्याच्या सुट्टीला आम्ही दोघी मिळून चालायला जायचो, इतकी मैत्री झाली.

आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. चढण संपली की वर सपाट, उघडं माळरान लागतं. झाड नाही, घर नाही. खुरटं गवत, मधूनमधून काळी दलदल आणि मनात येईल तेव्हा उतरणारं धुकं. शेतांचे दगडी बांध जिथे संपतात तिथे माणसांची खूण संपते, आणि मग हातातल्या पुस्तकावरच सगळी भिस्त.

म्हणून नवीन पुस्तक आलं की डोंगरताई ते जेवणाच्या सुट्टीत डब्याबरोबर खिडकीशी घेऊन बसायची. प्रस्तावना नाही, फोटो नाहीत. वाट शेवटचा बांध सोडून माळावर शिरते तेच पान ती थेट उघडायची. धुकं आलं तर काय करायचं हे लेखकाने सांगितलंय का, आणि कुठून माघारी फिरायचं हे सांगितलंय का, एवढंच पाहायची. 'पुढे सरळ जावे' असं वाचलं की ती विचारायची, "कुणाच्या नाकासमोर सरळ? याच्या की माझ्या?" एका महाभागाने 'चरणाऱ्या गाईपासून उजवीकडे वळावे' असं लिहिलं होतं. ते पुस्तक तिने विकायला नाही, गिऱ्हाइकांना हसवायला ठेवलं होतं.

"पाय ओले झालेल्या माणसाचं लिहिणं लगेच कळतं, बाई," ती म्हणायची. "कोरड्या पायाने लिहिलेलं फार गुळगुळीत असतं."

या सगळ्या पुस्तकांत गावाचं लाडकं पुस्तक होतं ते तिच्या नवऱ्याचं. ते पाणीपुरवठा खात्यात नळवाहिन्यांची तपासणी करायचे. त्यासाठी माळ तुडवता तुडवता त्यांनी वाटा लिहून काढल्या आणि गाव त्यांना वाटाड्या म्हणू लागलं. स्वभावाने मिस्कील, बोलायला तिखट. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मला म्हणाले, "तुम्हीच का त्या, सगळ्यात हळू चालणाऱ्या? या, बसा, उशीर झालाच असेल."

पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती तेव्हा त्यांचा एक गुडघा कुरकुरायला लागला होता. तरी ती दुकानात निघाली की ते गाडी काढून माळाकडे जायचे आणि संध्याकाळी बुटांना चिखल लावून परत यायचे. काही महिन्यांनी नव्या प्रती दुकानात आल्या. मालकांनी सगळ्यांना चहा पाजला. डोंगरताईने प्रती नजरेच्या उंचीच्या फळीवर मांडल्या.

"ताई, याची परीक्षा नाही घेतलीत?" मालकांनी विचारलं.

"घरचा पेपर मी तपासत नाही," ती म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो.

त्यानंतर एका सकाळी मी दुकानात असताना दोघी बहिणी आल्या. दोघी साठीच्या आसपासच्या. थोरलीचा पाय प्लास्टरमध्ये होता. जिना चढून ती कशी आली असेल देव जाणे. धाकटीने पिशवीतून वाटाड्यांचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. पानं चिखलाने फुगली होती.

"आम्हाला हे परत नाही करायचं," धाकटी म्हणाली. "पुढच्या माणसाला देण्याआधी तुम्हाला सांगायचं होतं. ओढ्यावर साकव नाहीये."

"कुठल्या ओढ्यावर?"

"माळाच्या मधोमध. पुस्तकात म्हटलंय, लाकडी साकवावरून पलीकडे जा. तिथे नुसते दोन खांब आहेत. आम्हाला वाटलं आपण चुकलो. साकव शोधत काठाकाठाने खाली गेलो, तेवढ्यात धुकं आलं."

"मग मी मांडीपर्यंत रुतले," थोरली म्हणाली. "ही ओढत होती तेव्हा घोटा मोडला. मेंढ्या राखणारा एकजण आमच्या हाका ऐकून आला म्हणून. तो म्हणाला, साकव केव्हाच पुरात गेला."

डोंगरताईने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, प्लास्टर कधी निघणार ते विचारलं. दोघी गेल्यावर तिने फळीवरची कोरी प्रत घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि माळाचं पान उघडलं. उभ्याउभ्याच वाचलं. मग म्हणाली, "बाई, आज माझ्याबरोबर घरी चला. एकटी गेले तर मी भांडेन."

वाटाडे स्वयंपाकघरात गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसले होते. ती पदर खोचून ओट्याशी उभी राहिली.

"अहो, माळावरचा साकव शेवटचा कधी पाहिलात?"

"का? पळून गेला की काय?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नव्या आवृत्तीसाठी गेला होतात ना तुम्ही?"

"गेलो होतो."

"कुठपर्यंत?"

गरम पाण्याची पिशवी त्यांनी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली. दुसरा तर दुखतही नव्हता.

"शेवटच्या बांधापर्यंत," ते म्हणाले. "त्याच्यापुढे गुडघा नेईना. बांधावर बसायचो. डोळे मिटले की सगळी वाट दिसायची मला, अजून दिसते. तीच लिहिली."

"मला सांगायचंत. मी चालून आले असते."

"तू चालणार आणि पुस्तकावर नाव माझं? मग मी कोण, टंकलेखक?"

तिने बहिणींची हकीगत सांगितली. घोटा मोडला इथे आल्यावर त्यांनी मान खाली घातली. मी उठायला लागले तर तिने हातानेच बसा म्हटलं.

"चिठ्ठी छापून घेऊ," ती म्हणाली. "जिथे जिथे प्रती आहेत तिथे पाठवायची. प्रत्येक प्रतीत चिकटवायची."

"साकव वाहून गेला आहे, कृपया नोंद घ्यावी. ठीक आहे."

"आणि माळाचं हे प्रकरण लेखकाने चालून पाहिलेलं नाही."

"ते कशाला? साकवाचं सांगितलं की झालं."

"नाही झालं. साकवाचं आज कळलं, तेही त्या बाईच्या पायाने. बाकी काय काय गेलंय ते ना तुम्हाला माहीत, ना मला."

"लोक मला वाटाड्या म्हणतात. उद्यापासून खुर्चीत बसून वाट दाखवणारा म्हणतील."

"म्हणू देत."

"तुझं काय जातंय म्हणायला."

"माझं?" ती इतक्या हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं. "ते पुस्तक त्या बाईच्या हातात मी दिलं. तिने विचारलं, चांगलं आहे ना? मी म्हटलं, डोळे मिटून जा."

मी निघाले तेव्हा दोघं एकाच टेबलाशी दोन दिशांना तोंड करून बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या प्रती फळीवरून उतरवल्या. मालक हबकले. "ताई, दाराबाहेर पाटी लावू का, घरचं भांडण आत सुरू आहे म्हणून?" पण कारण ऐकल्यावर त्यांनी स्वतःच काचेतली प्रतही काढली. प्रश्न या दुकानाचा नव्हताच. पुस्तक गावोगावच्या दुकानांत होतं, सुट्टीचा हंगाम तोंडावर होता, आणि लेखकाने शब्द दिल्याशिवाय प्रकाशक चिठ्ठी छापणार नव्हता. वाटाडे तर घुम्यासारखे बसलेले. दुकानाचा फोन वाजला की डोंगरताईचा चेहरा उतरायचा. पुन्हा कुणी माळावर अडकलं की काय, हेच तिच्या मनात.

सुट्टीच्या दिवशी ती मला म्हणाली, "चला, पाहून येऊ." गाडी वाटाड्यांनीच चालवली. शेवटच्या बांधाशी गाडी उभी करून ते आत बसून राहिले आणि आम्ही दोघी माळावर शिरलो. पुस्तक तिच्या हातात होतं. ती एक वाक्य मोठ्याने वाचायची आणि मग आम्ही तेवढंच चालायचो. ओढ्याशी खरोखरच दोन खांब होते. त्याच्याही आधी, जिथे वळायची खूण म्हणून एक उभा दगड सांगितला होता, तिथला दगड आडवा पडून गवतात बुडाला होता. एका ठिकाणी पुस्तकातल्या पायवाटेवर काळं पाणी चमकत होतं. तिने बोट ठेवून ती ओळ पुन्हा वाचली.

"ओळीन् ओळ सुंदर लिहिली आहे, बाई," ती म्हणाली. "मी वाचली असती ना, तरी मला कळलं नसतं. ओल्या पायांनीच लिहिलंय ते. फक्त पूर्वीच्या."

परत आलो तेव्हा वाटाड्यांनी काच खाली केली.

"काय काय गेलंय?"

तिने सांगितलं. स्टिअरिंगवर हात ठेवून ते ऐकत होते.

"तो उभा दगडही?"

"आडवा झालाय."

"त्याला टेकून मी डबा खायचो," ते म्हणाले. मग समोर बघतच म्हणाले, "तू म्हणतेस तशीच चिठ्ठी जाऊ दे. लिही तू."

"मी नाही. तुम्ही लिहा."

त्यांनी लिहिली, आणि अगदी सरळ लिहिली. हे प्रकरण मी या आवृत्तीसाठी चालून पाहिलेले नाही, कोणीही त्याच्या भरवशावर माळावर जाऊ नये. चिठ्ठ्या निघाल्या, आणि पाठोपाठ प्रकाशकाने उरलेल्या प्रतीही परत मागवल्या. पुन्हा छापायचं नावही काढलं नाही. गावात व्हायची ती कुजबुज झाली. चहाच्या टपरीवर कुणीतरी त्यांना 'खुर्चीवाले' म्हणालंच. ते म्हणाले, "खुर्ची दे मग," आणि बसून चहा प्यायले. थोरल्या बहिणीचा पाय जोडला गेला, पण ती अजून जरा लंगडते. वाटाडे तिला भेटून आले. काय बोलणं झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मला वाटलं होतं आता सगळं निवळेल. त्यांचं निवळलंही. तिचं नाही. ती पूर्वीसारखीच नवी पुस्तकं घेऊन खिडकीशी बसायची, पण फळीवर एकही जाईना. "हा लिहिणारा खरंच तिथे गेला असेल का हो, बाई?" असं मला विचारायची. मला काय कळणार? गिऱ्हाईक यायचं, "चांगलं आहे ना?" म्हणायचं, आणि ती पुस्तक हातात धरून गप्प उभी राहायची. काहीजण कंटाळून रिकाम्या हाताने परत गेले. एकदा मालकांनी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "ताई, एवढा विचार केलात तर माणसं घराबाहेर पडायचीच नाहीत."

"मला खाली शाळेच्या पुस्तकांकडे पाठवा," ती म्हणाली. "माझ्या वाचण्यावर माझाच भरवसा राहिलेला नाही. वर दुसरं कुणी बसू दे."

मी तिला समजावलं, वाटाड्यांनीही समजावलं. म्हणाले, "अगं, चूक माझी, शिक्षा तू का घेतेस?" ती म्हणाली, "तुमची तुम्ही लिहून दिलीत. माझी कुठे लिहू?"

सध्या ती तळमजल्यावर शाळेच्या पुस्तकांच्या खिडकीत बसते. इयत्ता विचारते, संच काढते, खाकी कागदाची कव्हरं घालून देते आणि दुपारी घरी जाते.