तिसऱ्या पायाची तार

उधन्यात माझं साउंड दुरुस्तीचं दुकान आहे. सगळी वर्षं मांडवातल्या ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरवर गेली, आणि त्या कामात एक गोष्ट अंगवळणी पडते: स्पीकरच्या दोन तारा एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत. चिकटल्या की मशीन गेलंच.

त्यामुळे कापडाच्या लूमवर काम करणारा माझा खानदेशी मित्र त्याचा जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प घेऊन आला, तेव्हा मी शहाणपणा केला. तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. स्पीकरचा जॅक ढिला झाला होता, तेवढाच आवळायचा होता. पण आत पाहिलं तर जॅकच्या तिसऱ्या पायाला एक छोटीशी तार, थेट अर्थिंगला. म्हणजे स्पीकरची पिन निघाली की आउटपुट शॉर्ट, दोन तारा चिकटल्यासारखंच. कुणा अडाण्याने हे जोडलंय, असं मनात म्हणत मी ती कापून टाकली. त्याला सांगितलंही नाही.

पुढच्याच लग्नात कुणाचा तरी पाय अडकून स्पीकरची पिन निघाली. आवाज बंद झाला म्हणून हा आणखी जोरात वाजवत राहिला. जळका वास आला तोवर आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला होता. मी त्याला दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर झापलं. स्पीकर निघालाय हे कळत नाही का तुला? तो खाली मान घालून म्हणाला, "मन्हीच चूक शे, भाऊ."

नवा ट्रान्सफॉर्मर बसवताना मी मोबाइलवर सर्किटचा नकाशा शोधला. त्यात ती तार होती. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचं उलटं असतं. स्पीकरविना मोकळा राहिला तर जळतो, शॉर्ट झाला तर थोडा वेळ तग धरतो. म्हणजे ट्रान्सफॉर्मर माझ्यामुळे जळला होता. मी तार परत जोडली, दोनदा ओढून पाहिली, मागचं झाकण बंद केलं. तो न्यायला आला तेव्हा खरं सांगायचं ठरवलं होतं, आणि तोंडातून निघालं, "आता सांभाळून वाजव."

लाज वाटते मला त्या वाक्याची.

गेल्या महिन्यात एका हळदीला तो वाजवत होता. पूर्वी डोळे मिटून वाजवायचा. आता पाहुण्यांकडे पाठ करून उभा होता, नजर अ‍ॅम्पच्या मागच्या जॅकवर. मला पाहून त्याने मान हलवली. पिन जागेवर आहे, असं तो मला सांगत होता. मीही मान हलवली आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.