दोनशे वर्षांनंतरचा शहादा आणि रुसलेले फुवा

मी लोणखेड्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. इतकी वर्षं शिकवूनही समाधान झालं नाही म्हणून मागे एकदा स्पर्धेसाठी एकांकिका लिहिली. विषय विज्ञानकथेचा, दोनशे वर्षांनंतरचा शहादा. भविष्यावरच्या ज्या कथा मी वाचल्या होत्या त्यांत बहुतेक ठिकाणी पृथ्वी जळालेली, नाहीतर यंत्रं माणसांवर उलटलेली. पुढे सगळं वाईटच होणार हे सांगायला नाटक कशाला हवं, ते आमच्या बसस्टँडवर कोणीही फुकट सांगतो. म्हणून माझ्या भविष्यात सगळं चांगलंच असेल असं मी ठरवून टाकलं.

आणि मग हात आखडता घेतला नाही. शेतीला दिवसा वीज दिली. ऊसतोड वेळेवर आणली. तोरणमाळच्या घाटातली वळणं सरळ केली. आजार संपवले, मरण जवळजवळ बंदच करून टाकलं. माणसं भांडत नाहीत, कारण भांडायला काही उरलेलंच नाही. स्टाफरूममध्ये वाचन केलं तेव्हा दिवसाच्या विजेला टाळ्या पडल्या. मरण बंद केलं त्याला कोणी टाळी दिली नाही, पण मी ते मनावर घेतलं नाही.

पात्रं तीन. दोन माझे सहकारी आणि तिसरे आमचे फुवा, म्हणजे वडिलांच्या बहिणीचे यजमान. फुवा साखर कारखान्यातून निवृत्त होऊन पुरुषोत्तमनगरजवळच राहत होते. मुलगा सुरतेला, आणि फुई, म्हणजे माझी आत्या, जाऊन दोन वर्षं झालेली. तरुणपणी त्यांनी गावच्या नाटकांत कामं केली होती. घरी एकटे बसून असतात, तेवढाच विरंगुळा, असा उदार विचार करून मी त्यांना सव्वाशे वर्षांच्या सुखी म्हाताऱ्याची भूमिका दिली. चंदेरी कपडे शिवायला शहाद्यातल्या आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे गेलो. भविष्यात खिसे असतात का, असं त्याने विचारलं. पैसाच नाही तर खिसे कशाला, मी म्हणालो. त्याने ऐकून घेतलं आणि सगळ्या कपड्यांना दोन-दोन खिसे लावून दिले.

तालमीत खरी अडचण कळली. एक पात्र यायचं, दुसऱ्याला विचारायचं, "सगळं बरं?" तो म्हणायचा, "सगळं बरं." पुढे काही घडेना. ज्याला काही कमी नाही तो स्टेजवर येऊन करणार काय? नाटक अकरा मिनिटांत संपायचं आणि स्पर्धेच्या नियमाप्रमाणे ते निदान पस्तीस मिनिटांचं हवं होतं, नाहीतर बाद. मी सौरऊर्जेवर दोन लांबलचक भाषणं घातली. ती ऐकताना एक सहकारी बसल्या जागी पेंगला, आणि तो स्वतःच भाषण करणाऱ्याच्या शेजारी स्टेजवर होता.

फुवा मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेले. एका सकाळी त्यांचा फोन आला.

"माले नही येनं," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

मी सुशिक्षित माणूस. मी लगेच त्यांना निरोप पाठवला, "फुवा, तुमच्या निर्णयाचा आदर आहे." म्हाताऱ्याचं काम ध्वनिमुद्रित आवाजावर भागवायचं ठरवलं आणि संध्याकाळी बायकोला हे अभिमानाने सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"रुसेल माणूसले कोणी आदर देस का?" ती म्हणाली. "तुम्ही तं त्यासले सुटी दी टाकी."

हे मला कळायला हवं होतं. आमच्याकडे लग्नात फुवा रुसतातच. मान कमी झाला, टोपी हलकी दिली, काहीही निमित्त चालतं. मग चार माणसं जातात, हाताला धरून आणतात, आणि पंगत पुढे सरकते. आमचे फुवा तर या कामात नावाजलेले. घरीसुद्धा रुसायचे, आणि फुई समजूत काढायची. दोन वर्षांत त्यांची समजूत काढायला कोणी गेलं नव्हतं. मीही नाही. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गेलो तर फुवा ओसरीत पाठ करून बसले होते. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा सदरा. शेजारीण म्हणाली, कालही तालमीच्या वेळी असेच तयार होऊन बसले होते.

"फुवा, तुम्हनाबिगर नाटक नही व्हस," मी म्हणालो.

ते मागे न वळता म्हणाले, "तो म्हातारा सव्वाशे वरीसना शे ना?"

"हा."

"आजार नही, मरण नही."

"नही."

"मंग त्यानी बायको कोठे शे?"

बायकांच्या भूमिकेला कोणी मिळत नाही म्हणून मी ती लिहिलीच नव्हती. सगळ्या तालुक्याला अमर करताना या एका बाईला मी वाचवलं नव्हतं, आणि कशी गेली हेही सांगितलं नव्हतं. मी तिथेच ओसरीत बसून नाटक पुन्हा लिहायला घेतलं. फुवा हळूहळू माझ्याकडे वळले.

नवीन नाटकात म्हाताऱ्याची बायको न सांगता बहिणीकडे जाते आणि तो रुसतो, जेवत नाही. सुखी गावात कोणाला समजूत काढता येत नाही. एक जण त्याची नाडी मोजतो. दुसरा त्याच्या निर्णयाचा आदर करतो. शेवटी बायको परत येते, त्याला जेवायला उठवते, तो तीनदा नाही म्हणतो आणि मग उठतो. बायकोचं काम माझ्या बायकोने केलं. मोजून छत्तीस मिनिटं भरत होती.

प्रयोग दुपारी होता. आदरावर लोक एवढे हसले की मला विंगेत घाम फुटला. मग माझी बायको स्टेजवर गेली, डोक्यावर पदर घेतलेली, आणि हळू म्हणाली, "उठा ना. जेवण थंडं व्हई ऱ्हायनं."

फुवांनी तिच्याकडे पाहिलं, गुडघ्यावर हात टेकला आणि पहिल्याच हाकेला उठले. शेवटची सगळी वादावादी गेली. पडदा पाडण्याशिवाय इलाज नव्हता. वेळ कमी भरली म्हणून परीक्षकांनी आम्हाला बाद केलं.

परतताना गाडीत मी थोडा वैतागूनच विचारलं, फुवा, तीनदा नाही म्हणायचं ठरलं होतं ना?

ते खिडकीबाहेर पाहत होते.

"तिले जिंदगीभर नहीच म्हनं मी," ते म्हणाले. "आते कसाले म्हनू?"