रुखवतातला मोर

कारागिरीत माझा हात धरणारा सबंध तीर्थपुरीत कुणी न्हाई. थोरल्या लेकीच्या रुखवतासाठी प्लायवूडचा मोर कापायला घेतला, आन् तीन मोरांच्या माना मोडून बसलो. लग्नाला आठच दिवस राह्यले होते.

मंग बाजारगल्लीतल्या एका म्हाताऱ्याकडं गेल्तो. त्याचं नाव कधी इचारलंच न्हाई. जुन्या शिलाई मशीनला बारीक करवत बसवून तो निव्वळ हौसेनं नक्षी कापायचा. कुणी विकत मागितली तर नुसता हसायचा. लेकराच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तसा हळूच भुसा फुंकायचा.

माझे तुकडे पाहून म्हणला, "बाहेरची कड आधी कापली का?"

"हौ."

"मंग मानेला आधार कशाचा राह्यला? आतली नक्षी आधी कापायची, कड सगळ्यात शेवटी. आन् करवतीला ढकलू नको, लाकूड फिरव."

चार दिवस त्याच्याच मशीनवर पायडल मारलं. चौथा मोर मानेसकट उतरला. मी नाचायचाच बाकी राह्यलो.

"झालो का न्हाई कारागीर, मामा?"

त्यानं मोराच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"धाकटी लेक हाय ना तुला? तिच्या रुखवतापस्तोर होशील."