भाड्याच्या खोलीतला कोनाडा

त्या खोलीत आमच्याआधीपासून देवी राहत होती. नव्वद साल उजाडायच्या थोडं आधीची गोष्ट. सिल्वासाजवळ नरोलीला कारखाने आले तसं आमच्या मालकानं मागे स्लॅबचं घर बांधलं, आणि जुन्या घरात खोल्या पाडून आमच्यासारख्यांना भाड्यानं दिल्या. कुळाची माताजी मात्र जुन्या भिंतीतल्या कोनाड्यातच राहिली. सगळं कुळ जमल्याशिवाय तिला हलवता येत नाही म्हणे, आणि भावाभावांत भांडण, ते कुठून जमणार? म्हणून बोली अशी, की भाडेकरू कोणी असो, दिवेलागणीला दार उघडं पाहिजे. मालकाची म्हातारी आई यायची, दिवा लावायची, काहीबाही पुटपुटायची आणि जायची. तिला सगळे 'बा' म्हणत. आम्हीही म्हणायचो.

आम्ही नंदुरबारकडचे. मी धाग्याच्या कारखान्यात होतो. येशूवर बायकोनं आधी विश्वास ठेवला, मी तिच्या मागून. त्यापायी दोन खोल्या सोडाव्या लागल्या होत्या. एकीकडे प्रसाद घेतला नाही म्हणून, दुसरीकडे प्रार्थनेचा आवाज होतो म्हणून. ही तिसरी. मुलगी झोळीत, मान धरायची होती अजून.

सिल्वासाला रविवारची सभा झाली की चर्चचे पाळक मला बाजूला घ्यायचे. "त्या कोनाड्याला तुमचा हात लागला तर दोन धन्यांची चाकरी होईल. ही लढाई आहे, भाऊ. खोली सोडा."

मी म्हणालो, "सोडतो. सामान घेऊन तुमच्याकडं कधी येऊ?"

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "आपण प्रार्थना करू."

"करा," म्हटलं.

श्रावणात बा हिवतापानं पडली. दिवा घरच्या बाईनंच लावायचा ही त्यांची रीत, आणि सून बाळंतपणाला माहेरी. बानं निकाल दिला, माताजी जिच्या खोलीत, तिनं लावावा. मालक दारात येऊन बायकोला म्हणाला, "भाभी, आज से दिया आप लगाएंगी."

"भाई, मला जमणार नाही. मी ख्रिस्ताची आहे."

"हमारा दिया नहीं जलेगा, तो यहाँ तुम्हारा चूल्हा भी नहीं जलेगा. शाम तक सोच लो."

मी कामावरून आलो तेव्हा हे कळलं. चादर अंथरली आणि भांडी त्यात टाकायला लागलो.

"कुठं जायचं?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"मग गाठ कशाला मारता?"

बाहेर उजेड उतरत चालला होता. शेजारच्या खोल्यांतल्या बायका दाराशी जमल्या. एक म्हणाली, "काडी ओढायला काय जातं गं तुझ्या बापाचं? दिवा लाव अन् मनात येशू म्हण."

"हातात एक अन् मनात एक, ते मला येत नाही, माय."

मालक अंगणात येऊन उभा राहिला, हात कमरेवर. बायको गुडघ्यावर प्रार्थनेत होती. उठली, पोर माझ्याकडं दिलं आणि त्याच्या बाजूनं निघून सरळ मागच्या घरात गेली. मला वाटलं, पाया पडायला गेली. माझं डोकंच फिरलं.

ती परत आली ती बाला पाठुंगळी घेऊन. मागून मालक ओरडतोय, "अरे, बा को नीचे रखो!" तिनं ठेवलं, ते कोनाड्याखाली. स्वतःच्या खांद्याला टेकवून उभं केलं. काडेपेटी बाच्या हातात. पण तापानं बोटांत जोर नव्हता, पेटी सर्दावलेली. पहिली काडी मोडली. दुसरी फुरफुरली आणि विझली. बायकोनं हात लावला असता तर पेटली असती. तिनं लावला नाही.

आणि मी, पोर छातीशी धरून, प्रभूकडं काय मागत होतो? माताजीचा दिवा लागू दे.

लागला.

बा हाशहुश करत म्हणाली, "वहू, तने बीक नथी लागती?" भीती नाही का वाटत, म्हणून विचारत होती.

"कोणाची, बा?"

"मारी माताजीनी."

"तिची नाही. तुमच्या पोराची वाटते."

तापातही म्हातारी हसली. मालक मान वळवून म्हणाला, "बुखार उतरे तब तक ऐसे ही लाना." ताप उतरेपर्यंत रोज तिनं बाला पाठीवर आणलं. खोली राहिली.

पाळकांनी विचारलं, "मूर्तीपाशी तूच नेलंस ना तिला?"

"म्हातारी आजारी होती. तिला चालवत नव्हतं," बायको म्हणाली. हे बरोबर की चूक, त्याचा निवाडा झाला नाही कधी.

मागल्या वर्षी बायको गेली. सांत्वनाला आलेले लोक म्हणतात, सैतानाशी झुंजा, विश्वास धरा. सैतानाचं मला काही पडलेलं नाही. माझं भांडण प्रभूशी आहे. त्या संध्याकाळी मी नको ते मागितलं आणि ते झालं. तिच्या दुखण्यात उपास धरून, कपाळ जमिनीला लावून योग्य तेच मागितलं, आणि ते झालं नाही. हे मी त्याला रोज तोंडावर विचारतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो, कारण विचारायला दुसरं कोणी नाही.