भरताची बडगी

गेल्या डिसेंबरच्या अकरा तारखेला मी गच्चीवरच्या कुंडीतून भूत जोलोकिया या जहाल तिखट जातीच्या पहिल्या दोन मिरच्या तोडल्या. हजर आम्ही दोघे, नवरा-बायको. दहा बियांची पुडी दोनशे चाळीस रुपयांना आणली होती, उगवल्या चारच. मिरच्या वांग्याचे भरीत ठेचायच्या लाकडी बडगीत कुटल्या आणि बडगी दोनदा धुतली. लाकूड तिखट पिऊन बसते, हे माझ्या ध्यानात आले नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारचे नाना बडगी मागून घेऊन गेले. भांडून माहेरी आलेल्या लेकीला न्यायला जावई आला होता. समेट व्हावा म्हणून भरिताचा बेत केला होता, मलाही बोलावले.

"फिकं भरीत माले चालत नही, नाना," जावई हसत म्हणाला आणि मोठा घास घेतला. क्षणात त्याला श्वास घेता येईना.

"माले इख दिधं का, म्हतारा?" असे ओरडत त्याने पितळी तांब्या नानांच्या कपाळावर हाणला. रक्त भिंतीवर उडाले.

"विष नाही, माझ्या मिरचीचं तिखट आहे!" म्हणत मी मध्ये पडलो, तर दुसरा फटका माझ्या मनगटावर बसला. तिसरा उगारला तेव्हा लेकीने बडगीचे मुसळ उचलून त्याच्या गुडघ्यावर घातले. तो कोसळला.

"मना बापवर हात उचला ना? आते मी येत नही," ती म्हणाली.

जावई एकटाच लंगडत गेला. नानांना सात टाके पडले. डॉक्टरांना चौदाशे रुपये मी दिले.