पाच वर्षांची सही

न्यू जर्सीत, कॅसिनोंवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसात एक यादी असते: 'मला आत घेऊ नका' असं स्वतःच लिहून देणाऱ्यांची. मी सही करायला गेलो, तर समोर आमच्या पार्सिपनीच्या बिल्डिंगमधले काका! प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायची सवय तिथेही होतीच. "एक वर्ष की पाच? एक की पाच?"

"पाच," मी म्हणालो. त्यांनी फोटो काढला, ओळख दाखवली नाही.

मग जिन्यात ते भेटले की मी नजर चुकवून निघून जायचो. कुणाला काही बोलले असतील का?

दिवाळीला बिल्डिंगमधले सगळे तीन पत्ती खेळायला बसले. मलाही हाक आली. तेवढ्यात काका, पत्त्यांत तरबेज माणूस, उठले. "मला नाही येत हे, नाही येत. चल रे, चहा टाकू."

किचनमध्ये त्यांनी माझ्या हातात आलं दिलं, आणि डाव संपेपर्यंत ते माझ्याशेजारी उभे राहिले.