हद्दीच्या वळणावरच्या दहा खुंट्या

भूत भेटलंच तर मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक त्याच्या हातात देईन, असं मी साऱ्या हिंगोलीत सांगत फिरायचो. तेव्हा पुढचं वाचून ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं...

निजामाच्या राजवटीची शेवटची वर्षं. मी मोजणीखात्यात साखळी ओढायचो. पुसेगावच्या वर, जिथं निजामाचा मुलूख संपून इंग्रजांचं वऱ्हाड लागायचं, तिथं हद्द पुन्हा आखायची होती. जुना नकाशा कुण्या गोऱ्या साहेबाचा. त्यातली सरळ रेघ एका जागी पोट सुटल्यागत फुगलेली — आणि त्या फुगवट्यात सटवा धनगराची विहीर.

"गोरा डुलकी मारून राहिला होता," आमचे अमीनसाहेब, म्हणजे मोजणीचे अंमलदार, म्हणाले. "सीधी करो."

सीधी केली की विहीर वऱ्हाडात. म्हणजे सटवाची दोन हजार मेंढरं (बरं, दोनशे) पाण्यावाचून जाणार.

"साहेब, ते वळण माह्या आज्याचं हाय," सटवा म्हणाला. "डोक्यावर काळ्या मातीचं ढेकूळ घेऊन त्यो चालला, तीच हद्द. गोरा घोड्यावरून मागं मागं. शपथेची माती डोक्यावर असली की पाय खोटा पडत न्हाई."

"तो बुलाओ आजे को. फिर से चलने दो." साहेब हसले. आजा मरून जमाना लोटला होता.

भर दुपारी मी सरळ रेघेत दहा लोखंडी खुंट्या ठोकल्या. अमीनसाहेब बाभळीखाली लवंडले, सटवा त्यांच्या पायाशी बसून राहिला. सकाळी त्याच्या घरच्या सात भाकरी मी रिचवल्या होत्या. खाल्ल्या अन्नाला जागावं म्हणून गुपचूप गेलो आणि दोन खुंट्या वळणावर सरकवल्या. दोनच — कारण एकदम मान अशी भरून आली, जणू कुणी डोक्यावर ओझं ठेवलंय. मग कधी परत आलो, कधी बसलो, ध्यानात नाही.

साहेब उठले, दुर्बिणीला डोळा लावला आणि तसेच राहिले. दहाच्या दहा खुंट्या वळणावर, जुन्या नकाशाबरहुकूम. प्रत्येकीच्या बुडाशी काळी माती. त्या माळावर पांढऱ्या मुरमाशिवाय काही नव्हतं.

"किसने किया?"

"तुमच्या पायापासून हाललो न्हाई, साहेब," सटवा म्हणाला. मी साखळीच्या कड्या मोजत बसलो.

साहेबांनी नकाशा गुंडाळला. "रहने दो. बराबर है." विहीर वाचली.

घरी बायकोनं माझं मुंडासं झटकलं. ओंजळभर काळी माती पडली.

"काहून वो, डोक्यावर माती वाहून राहिले का?"

दोन खुंट्या माझ्या, आज कबूल करतो. बाकीच्या आठ कुणाच्या, ते मला अजून कळलेलं नाही... मान मात्र त्या दुपारपासून जी धरली, ती सुटलेली नाही.